पोटापाण्याची गोष्ट बोलावी कोठे?

कोणते बियाणे पेरावे, हे विचारावयास शेतकऱ्याला आज अनेक दारे उघडी आहेत. कृषी विज्ञान केंद्रे आहेत, कृषी विद्यापीठे आहेत. सन २००४ पासून किसान कॉल सेंटरवर दूरध्वनी करूनही सल्ला मिळतो. परंतु शेतीच करावी काय, करावयाची तर कोणत्या जोडधंद्याच्या आधाराने, नोकरीस गेल्यास जमिनीचे काय, हे प्रश्न वीस-बावीस वर्षांच्या मुलाने अथवा मुलीने कोणापुढे मांडावेत? ही उणीव लहान नाही. ती भरून काढण्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यानेच पुढाकार घ्यावा, असे आमचे मत आहे.

गावात बोलण्याच्या जागा नाहीत असे नव्हे. पार आहे, चावडी आहे, ग्रामसभा आहे. परंतु पारावर वडीलधारी मंडळी बसलेली असतात. तेथे एखाद्या तरुणाने रोपवाटिकेचा विचार बोलून दाखविला, की प्रथम त्याची थट्टा होते आणि दिवेलागणीपर्यंत ती गोष्ट घरोघर पोहोचते. स्त्रिया तर तेथे सहसा बसतच नाहीत. ग्रामसभेत विषयपत्रिका असते. तेथे कोणी आपल्या कर्जाची वा अपयशाची हकीकत सांगत नाही. घरी बोलावे, तर वडिलांना तो आपल्या जन्मभराच्या कष्टांचा अपमान वाटतो. मग मुलगा मनातल्या मनात निर्णय घेतो. तो शहराची वाट धरतो, किंवा कोणास न विचारता कर्ज काढून कोंबड्यांची शेड उभारतो. यांतील कोणताही मार्ग योग्य ठरू शकेल. पण विचारविनिमयावाचून टाकलेले पाऊल चुकले, तर त्याची किंमत सबंध कुटुंबास मोजावी लागते.

या बाबतीत शेतीशाळेचे उदाहरण घेण्याजोगे आहे. भातावरील किडींच्या एकात्मिक व्यवस्थापनासाठी १९८९ साली इंडोनेशियात अशा शाळा सुरू झाल्या. पुढे ती पद्धत आपल्याकडेही आली. तिचे मर्म असे, की शेतकरी स्वतः पिकाचे निरीक्षण करतात, एकत्र बसून चर्चा करतात आणि कार्यकर्ता उत्तर सांगण्याऐवजी प्रश्न विचारतो. हीच रीत उपजीविकेच्या प्रश्नास लावावी.

त्यासाठी खर्च लागत नाही. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सायंकाळच्या धारा काढून झाल्यावर दहा-बारा जणांनी बसावे. जागा सर्वांना संकोचावाचून येता येईल अशी असावी. शाळेची खोली किंवा वाचनालय चांगले. ज्या पारावर काही लोक रूढीमुळे अवघडून बसतात, तो टाळावा. स्त्रियांसाठी बचतगटाच्या बैठकीला जोडून वेळ ठेवावी. तेथे झालेले बोलणे बाहेर नेऊ नये, कोणास हसू नये आणि त्या दिवशी योजनांचे अर्ज काढू नयेत, एवढे तीन नियम पुरेत. जमीन, पाणी, घरातील कामाचे हात व गाठीचा पैसा, या चार गोष्टी प्रत्येकाने कागदावर मांडाव्यात. शहरातून परत आलेल्यास व धंद्यात ठोकर खाल्लेल्यासही आवर्जून बोलवावे. यशस्वी शेतकऱ्याच्या भाषणापेक्षा त्यांचा अनुभव अधिक उपयोगी पडतो. विचार पक्का झाला, म्हणजे प्रशिक्षणासाठी कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवावे.

अशा बैठकींनी मुले गाव सोडतील, अशी भीती काहींना वाटेल. परंतु जाणारा न बोलताही जातोच. बोलून गेला, तर जमीन कोणी कसावयाची हे ठरवून जातो आणि परतण्याची वाट मोकळी राहते.

कार्यकर्त्याची स्थितीही याहून फार निराळी नाही. तालुक्याच्या बैठकीत उद्दिष्टांचा आढावा होतो. बढती, बदली वा कामातील निराशा यांविषयी बोलण्यास तेथे अवसर नसतो. शेजारच्या गावांतील दोघा-तिघा कार्यकर्त्यांनी अधूनमधून एकत्र बसावे. आपले मन कोठेतरी मोकळे झाले असेल, तर दुसऱ्याचे शांतपणे ऐकून घेणे सोपे जाते.

येत्या महिन्यात आपल्या कार्यक्षेत्रातील एका गावापासून आरंभ करावा. पहिल्या दिवशी चौघेच आले, तरी बैठक मोडू नये.