आरोग्याच्या निधीला कात्री नको; आमदारांना आत्ताच विचारा!



सहसा मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प विधिमंडळात मांडला जातो. त्याआधी आपल्या आमदारांपर्यंत एक मागणी पोहोचवायची आहे. तिजोरीवर कितीही ताण आला, तरी आरोग्याच्या निधीला हात लावू नका.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राज्यभर पोहोचली. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचे असलेले संरक्षण २०२३ च्या शासन निर्णयाने पाच लाखांवर गेले आणि योजना राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. हृदयशस्त्रक्रिया, डायलिसिस, केमोथेरपी यांसाठी जमीन गहाण टाकण्याची पाळी येऊ नये, हा या निर्णयांमागचा हेतू. तो जपलाच पाहिजे.

अशी योजना कोणी एका फटक्यात बंद करत नाही. कपात मागच्या दाराने येते. मार्चमध्ये तरतूद जाहीर होते, पण वर्षभरात ती पूर्ण वितरित होत नाही; सुधारित अंदाजात आकडा खाली येतो. रुग्णालयांची देयके थकतात आणि योजनेच्या रुग्णाला ‘खाट शिल्लक नाही’ असे ऐकावे लागते. तिथे रुग्णांच्या मदतीसाठी नेमलेला योजनेचा आरोग्यमित्रही काही करू शकत नाही. सरकारी रुग्णालयात औषधखरेदी रखडली की बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी हातात पडते. कागदावर पाच लाखांचे संरक्षण तसेच राहते. खर्च मात्र घरच्यांच्या खिशातून होतो.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यांत १२ नवजात बाळे होती. औषधे आणि मनुष्यबळ यांबद्दल राज्यभर प्रश्न विचारले गेले. हे प्रश्न पैसे मंजूर होताना विचारले जायला हवेत. विभागांच्या मागण्या विधानसभेच्या मतानेच मंजूर होतात, म्हणून आपल्या आमदाराचा शब्द तिथे मोलाचा आहे.

आमच्या मागण्या अशा:

१. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी असे सांगितले. महाराष्ट्र अजून तिथे पोहोचलेला नाही. हे लक्ष्य गाठण्याचा वर्षवार आराखडा सभागृहात मांडावा.

२. जन आरोग्य योजना, औषधखरेदी आणि डॉक्टर-परिचारिकांचे वेतन यांच्या निधीत वर्षाच्या मध्यात कपात करू नये.

३. रुग्णालयांची देयके ठरलेल्या मुदतीत द्यावीत आणि थकबाकी दर तीन महिन्यांनी जाहीर करावी.

४. रिक्त पदे कालबद्ध रीतीने भरावीत.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक असल्याचे संविधानाचा अनुच्छेद ४७ सांगतो. त्या कर्तव्याला पैशांचे बळ द्या, एवढेच आपले मागणे आहे.

आपण काय करावे? ग्रामसभेत, प्रभागात, महिला बचत गटात, गृहनिर्माण संस्थेत या मागण्यांचा ठराव करा. योजनेत असूनही पैसे मोजावे लागले असतील, तर पावती जपा आणि लेखी तक्रार द्या. आमदारांना पत्र लिहून चारच आकडे विचारा: आरोग्यासाठी गेल्या वर्षी मंजूर किती झाले, वितरित किती, खर्च किती आणि थकीत किती? उत्तर लेखी मागा. ते आले की ग्रामपंचायतीच्या वा सोसायटीच्या फलकावर लावा. आले नाही, तर पत्राची पोच लावा!