न आलेल्या रुग्णाची विचारपूस

विडी कामगारांची संघटना उभारणारे, ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे आणि १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेलेले कामठीचे बाबू हरदास एल. एन. १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने निवर्तले, तेव्हा त्यांनी नुकतीच पस्तिशी गाठली होती. द्रव्याच्या बळावर त्या काळी विश्रांती आणि सकस अन्न मिळविता येई; औषध मात्र कोणालाच मिळत नसे, कारण स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो १९४३ साली.

आज औषध आहे, आणि सरकारी दवाखान्यात ते विनामूल्य मिळते. परंतु साधा क्षय बरा व्हावयास सहा महिने लागतात. त्याच्या कितीतरी आधी ताप उतरतो, भूक लागू लागते, आणि मांडीवर सूप घेऊन दिवसभर तेंदूपाने कापणाऱ्या, तंबाखूची धूळ छातीत घेणाऱ्या बाईला वाटते, आता बरे आहे, गोळ्या कशाला? नेमक्या त्याच वेळी आशाताईने तिच्या दारी जावयाचे असते, कारण अर्धवट सोडलेला क्षय औषधांना जुमानीनासा होऊन शेजारच्या घरात शिरू शकतो. आलेल्या रुग्णाच्या शुल्कावर ज्याचा चरितार्थ चालतो त्या खाजगी डॉक्टराने, तो कितीही सज्जन असला तरी, न आलेल्या रुग्णाच्या शोधात कोणाच्या खर्चाने निघावे?

खाजगी वैद्यकाच्या कौशल्याचा लाभ राज्याने अवश्य घ्यावा. मात्र महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा २०२३ साली दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला म्हणजे सरकारचे कर्तव्य पार पडले, हा बळावत चाललेला समज मला घातक वाटतो. ही योजना मुख्यत्वे रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या ठरावीक उपचारांचा खर्च उचलते. आठवडेच्या आठवडे रेंगाळलेल्या खोकल्याची तिच्यात तजवीज नाही. पैशाअभावी कोणीही उपचारांस मुकू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले होते. आरोग्यावरील सार्वजनिक खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्यासाठी २०१७च्या राष्ट्रीय धोरणाने घातलेली २०२५ची मुदतही उलटून गेली.

‘नागपूरच्या मेयो रुग्णालयात घेऊन जा’ एवढे शब्द कानी पडले की कामठीच्या मजुराची रोजी बुडते आणि ऑटोचे भाडे अंगावर पडते. म्हणून विम्याच्या हप्त्यांआधी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांतील डॉक्टर, परिचारिका व प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांची मंजूर पदे कायमस्वरूपी भरावीत, आणि आशाताईंना तुटपुंज्या मोबदल्याऐवजी दरमहा निश्चित वेतन द्यावे.