रिमोट कोणाच्या हातात?

गेल्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत तरावीहच्या वेळी एसीचा रिमोट माझ्याकडे असायचा. हे काम मला कुणी सोपवले नव्हते. मी रोज लवकर जातो, ट्रस्टींशी ओळख आहे, म्हणून तो माझ्या खिशात राहू लागला, एवढेच. मी आकडा १८ वर ठेवायचो. दिवसभर वर्गात उभे राहून शिकवायचे, इफ्तारनंतर घाईने यायचे, आणि मग वीस रकात. थंड हवा अंगाला लागली की बरे वाटायचे. तरुण मुलेही खूश होती.

दहा-बारा रोजे झाल्यावर लक्षात आले की पहिल्या सफमध्ये उजवीकडे उभे राहणारे एक वयस्कर चाचा दिसत नाहीत. रस्त्यात भेटले तेव्हा विचारले, "चाचा, तबियत बरी नाही का?"

म्हणाले, "तबियत ठीक आहे बेटा. तिथे वारा थेट अंगावर येतो, गुडघे आखडतात. घरीच पढतो."

रिमोट कुणाकडे असतो, हे त्यांना माहीत नव्हते. त्यांनी कुणाकडे तक्रारही केली नव्हती. मशिदीत यायचे थांबले, बस्स. माझ्या एका बटणामुळे एका माणसाची जमातची नमाज सुटली होती.

तेव्हापासून मी या विषयाचा विचार करतो आहे. डेन्मार्कचे प्राध्यापक फँगर यांनी १९७० च्या सुमारास माणसाला खोलीतली हवा कधी सुखद वाटते, याचे गणित मांडले. त्या गणितानुसार सगळे अगदी योग्य जुळवले तरी शंभरातली सुमारे पाच माणसे नाराज राहतातच. म्हणजे सर्वांना पसंत पडेल असा आकडा नाहीच. मग प्रश्न असा उरतो की नाराज कोणी राहायचे?

आपल्याकडे याचे उत्तर ठरलेले असते : जो बोलत नाही, त्याने. कार्यालयांतील तापमानाची मानके एका सरासरी पुरुषाच्या शरीरातील उष्णतेवर बेतली आहेत, असे २०१५ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज'मधील एका अभ्यासाने दाखवले. हे वाचले आणि आमच्या शाळेच्या संगणक खोलीतल्या बैठका आठवल्या. तिथे आम्ही पुरुष एसी वाढवायला सांगतो आणि मॅडम लोक ओढणी, पदर गुंडाळून बसतात. इतक्या वर्षांत मी कधी त्यांना विचारले नाही.

एक बाजू खरी आहे. आमच्यातला एक तरुण मला म्हणाला, "सर, ज्याला थंडी वाजते तो शाल घेईल. ज्याला गरम होते त्याने काय काढायचे?" मुद्दा बरोबर आहे. पण मार्चच्या उकाड्यात म्हाताऱ्या माणसाला शाल घेऊन मशिदीत यायला लावायचे आणि वर वीजबिल सगळ्यांच्या चंद्यातून भरायचे, हे मला पटत नाही. एसी एक अंशाने वर ठेवला तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींचा मूळ आकडा २४ ठेवण्याचा नियम आहे. शिवाय १८ लावले म्हणून खोली लवकर थंड होत नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर सुरुवातीला २४ वरही तेवढ्याच जोराने चालतो, फक्त १८ वर तो थांबायचे नाव घेत नाही.

आणि आपल्याकडे तर याचे मार्गदर्शन आधीपासून आहे. इमामाने नमाज हलकी ठेवावी, कारण मागे कमजोर, आजारी आणि वृद्ध उभे असतात, एकटा असेल तेव्हा हवी तेवढी लांबवावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण सगळे जाणतो. किराअतला जो नियम, तो रिमोटला का नको? घरी एकटे असाल तर खुशाल १८ ठेवा.

मी रिमोट ट्रस्टींना परत दिला आणि झाली गोष्ट सांगितली. उरलेले रोजे आकडा २६ राहिला. डावीकडचे पंखे चालू, उजवीकडचे बंद. ज्याला उकडेल त्याने डावीकडे उभे राहावे, असे ठरले. दोन-तीन मुलांनी कुरकुर केली, ती त्यांचा हक्क आहे. पंखा असला की २६ सुद्धा सोसते, हे त्यांनाही हळूहळू कळले. चाचा परत आले, पण रोज नाही.

येत्या रमजानआधी ट्रस्टची बैठक होईल. आकडा कुठला आणि रिमोट कुठे, हे तिथेच ठरवून भिंतीवर लिहून लावावे, असे मी सुचवणार आहे. ठरवण्याआधी पहिल्या सफमधल्या बुजुर्गांना विचारावे. तुमच्या मशिदीत, शाळेत, दुकानात रिमोट तुमच्याकडे असेल, तर आज एकदा शेजारच्याला विचारून पाहा. तो आपणहून सांगेल, याची वाट पाहू नका.