बाबांचा टेम्पो

नऊ अठ्ठावीसची फास्ट पकडणाऱ्या माझ्या मित्रांना अजूनही वाटतं, की हा म्युझिकवाला म्हणजे रोज पार्टी. बॉस, खरं सांगू? महिन्यातले वीस दिवस मी डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये, भिंतीला गाद्या टेकवून, एकच किक ड्रम ऐकत बसलेला असतो. उरलेले दिवस 'सर, पेमेंटचं काय झालं?' या फोनमध्ये. गणपती, गरबा, मग लग्नं... तेव्हा ऑक्टोपॅड खांद्याला मारायचा आणि सुटायचं. जून-जुलैत मात्र शुद्ध कडकी.

अशाच एका कडकीत जाहिरातीचं काम आलं. 'रॉ, रस्टिक, एकदम फोक... पण क्लबमध्ये वाजलं पाहिजे!' म्हटलं, हे तर घरचंच. माझे बाबा गोंधळी. (ऑफिसात गोंधळ म्हणजे काय ते तुम्हाला माहितेय. आमच्याकडे लग्नानंतर रात्रभर देवीचा जागर होतो तो गोंधळ. दिवटी, तुणतुणं, झांज आणि कमरेला संबळ.) बाबांना गावाहून बोलावून घेतलं.

पावसानं संबळाचं कातडं सैल पडलेलं. बाबा शांतपणे ते गॅसजवळ धरून तापवत होते आणि मी सिलिंडरकडे बघत देव आठवत होतो. मग त्यांना हेडफोन घातले.

'हे काय टिकटिकतंय?'

'क्लिक आहे बाबा. त्याच्याबरोबर वाजवायचं.'

'आणि ते कुणाबरोबर वाजतंय?'

हेडफोन काढून ठेवले आणि सुरू झाले. सुरुवातीला टेम्पो होता १०४. सहा मिनिटांनी मोजला तर १३२! गोंधळ असाच चढतो. देवीला बोलवायचं तर एका जागी उभं राहून कसं चालेल? पण सॉफ्टवेअरला हे कळत नाही. त्याला प्रत्येक ठोका चौकटीत हवा. मी एक बटण दाबून सगळे ठोके ओळीत बसवले. ऐकलं, आणि बाबाच गायब! धाकट्या तोंडावरचा तो जरासा उशिरा पडणारा ठोका, तोच तर त्यांचा होता. मग उलटं केलं. दोन रात्री जागून ठोक्याठोक्याला लॅपटॉपचा टेम्पो बाबांमागे फिरवला, बेसलाइन त्यांच्यामागे पळवली. आयुष्यातला बेस्ट ट्रॅक झाला, सांगतो.

अशा वेळी मला चरणजित सिंग आठवतात. मुंबईतले सेशन म्युझिशियन. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडची ८०८ आणि ३०३ ही यंत्रं घेऊन डिस्को बीटवर दहा राग वाजवले. रेकॉर्ड आपटली. शिकागोत त्याच ३०३ वर अ‍ॅसिड हाउस जन्मलं ते नंतर, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. २०१० मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे डीजे वेडे झाले. माणूस २०१५ मध्ये गेला. अठ्ठावीस वर्षं थांबायची ताकद आपल्यात आहे का, मला शंका आहे. माझं तर भाडं पाच तारखेला असतं.

असो. एजन्सीला ट्रॅक जाम आवडला. हवे होते फक्त आठ सेकंद. मी म्हटलं, संबळवादकाची फी वेगळी आणि कागदावर नाव. पलीकडून हसण्याचा आवाज. 'फोकच आहे ना यार? ते कुणाचंच नसतं!' चाल कुणाची नसेल, पण वाजवणाऱ्याचा त्याच्या वादनावर हक्क असतो. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात तो आणखी पक्का केलाय. हे मी सांगितलं. उत्तर आलं, बजेट नाही.

काम सोडायला हवं होतं, हो ना? नाही सोडलं. बाबांचा ट्रॅक काढून घेतला आणि 'ट्रायबल पर्कशन' नावाच्या विकतच्या सॅम्पलमधले आठ सेकंद चिकटवून पाठवले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. 'सुपर्ब' असा मेल आला, चेक तीन महिन्यांनी.

मागच्या आठवड्यात बाबांचा फोन. सगळ्या आळीला बोलावून त्यांनी टीव्हीवर जाहिरात दाखवली म्हणे.

'झकास आहे रे. फक्त माझं संबळ जरा पातळ लागतंय.'

'टीव्हीचे स्पीकर लहान असतात ना, बाबा,' मी म्हटलं.