नवी आवृत्ती, जुने कागद

गडचांदूरहून घाट चढून जिवतीला पोहोचलो, तर दुल्हाभाईंनी चहाच्या आधीच विचारले, "पेनड्राइव्ह आणलात का?" आणले होते. एक नव्हे, दोन.

आपाच्या घरी एक 'पेटी' आहे. घरातले सगळे तिला पेटीच म्हणतात, कारण पूर्वी हेच काम पलंगाखालची पत्र्याची पेटी करायची. आता तिच्या जागी झेरॉक्सच्या दुकानातला निवृत्त झालेला संगणक आहे. त्याला ना मॉनिटर, ना कीबोर्ड; राउटरला जोडलेली एक वायर आणि आत एक टीबीची हार्ड डिस्क, एवढेच. घरातला कुठलाही मोबाइल वायफायवर आला की पेटीतले फोल्डर उघडतात. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, आणि डोंगरावर ही मोठीच सोय आहे.

सुरुवातीला पेटीत मुलांचे फोटो आणि भाचीच्या निकाहाचा व्हिडिओ होता. मग लोकांचे कागद येऊ लागले. त्याला कारण आपाचे सासरे. राजुऱ्याचा हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आला. मराठवाड्यातून येऊन इथे वसलेल्या कुटुंबांची मूळ गावेही त्याच संस्थानातली. त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या काळातली जमिनीची कागदपत्रे उर्दूत, आणि साल फसली. १३५० फसली म्हणजे साधारण १९४०-४१, हे आज किती जणांना उमगते? अब्बा उर्दू शाळेत शिकलेले. लोक कागद घेऊन येतात, अब्बा वाचून दाखवतात, आपा स्कॅन करते आणि "एक प्रत तुमच्याकडेही राहू द्या" असे सांगून लोक निघून जातात.

हे कागद म्हणजे नुसती आठवण नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वास दाखवावा लागतो. वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा म्हणून चालतो, पण जबाब देणारी माणसे कमी होत चालली आहेत. तेलंगणाच्या सीमेवरच्या ज्या चौदा गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात, तीही याच तालुक्यातली. तिथल्या घरांतून दोन-दोन राज्यांची कार्डे निघतात. पेटीत त्यांचाही एक फोल्डर आहे.

अशा पेटीवर नवी आवृत्ती चढवायची होती. ती चालते 'ओपनमीडियावॉल्ट' या मोफत प्रणालीवर. जर्मनीच्या फोल्कर थाइले यांनी डेबियन लिनक्सच्या पायावर ती उभी केली. पहिली आवृत्ती २०११ ची. आपाकडे सहावी होती, मार्च २०२४ मध्ये सातवी आली. नवी आली की जुनीची देखभाल हळूहळू थांबते, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनाशा होतात. म्हणजे कधीतरी बदलावेच लागणार. (डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी'तल्या खेळण्यांची नावे देतात. सातवीखालचा डेबियन म्हणजे 'बुकवर्म'. भाच्याला हे ऐकून इतकी मजा वाटली की तो रात्रभर जागा राहिला.)

आपाला एवढेच हवे होते, की लोकांच्या अमानतीला धक्का लागू नये. तेव्हा सर्वांत आधी पेटी रीतसर बंद केली आणि हार्ड डिस्कची वायरच काढून ठेवली. हे जमते, कारण यात प्रणाली एका जागी असते आणि सामान दुसऱ्या जागी. आपाकडे प्रणाली सोळा जीबीच्या पेनड्राइव्हवर होती. त्याची हुबेहूब प्रतिमा नव्या पेनड्राइव्हवर उतरवली. नुसते कॉपी-पेस्ट करून हे होत नाही, त्यासाठी प्रतिमा घेणारे सॉफ्टवेअर लागते. नवा पेनड्राइव्ह बत्तीसचा घेतला. दोन कंपन्यांचे 'सोळा' कधी कधी थोडे कमी-जास्त भरतात आणि प्रत शेवटच्या घासाला अडते. मग जुना काढून डब्यात ठेवला. दोन्ही एकदम लावायचे नाहीत, ओळखक्रमांक एकच असल्याने संगणक गोंधळतो.

रात्री दहानंतर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर 'ओएमव्ही-रिलीज-अपग्रेड' ही आज्ञा दिली. अर्ध्या वाटेवर वीज गेली. दुकानाच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच संपलेली होती, हे आम्ही आधी पाहायला हवे होते. आपा मेणबत्ती घेऊन आली आणि काही न बोलता डिस्ककडे पाहत राहिली. डिस्क कपाटावर, रुमालात गुंडाळलेली होती.

वीज आल्यावर अर्धवट राहिलेली मांडणी पुरी करणारी डेबियनची आज्ञा दिली आणि गाडी पुढे सरकली. पहाटे पेटी सुरू झाली, पण मोबाइलला दिसेना. दुकानातला मॉनिटर आणून जोडला, 'ओएमव्ही-फर्स्टएड'मधून नेटवर्क पुन्हा लावले, तेव्हा दिसली. व्यवस्थापनाचे पान मात्र अर्धेच उघडत होते. ब्राउझरमधला जुना साठा पुसताच ते पूर्ण आले. खरे सांगायचे तर एवढ्या जागरणानंतर पान जवळजवळ पूर्वीसारखेच दिसले आणि भाचा हिरमुसला. ज्यांनी दोन डिस्क रेडमध्ये जोडल्या आहेत त्यांनी मात्र एक पाहावे: सातवीत ती सोय वेगळ्या प्लगइनमध्ये गेली आहे. आपाकडे रेड नाही. चुकून फाइल पुसली तर रेडमध्ये ती दोन्हीकडून पुसली जाते, म्हणून मी आग्रहही धरला नाही. दर महिन्याला दुसऱ्या डिस्कवर प्रत निघते आणि ती जाऊबाईंच्या घरी राहते.

सकाळी डिस्क जोडली. एक जुनी फाइल उघडली, एक नवी ठेवली. मग भाच्याच्या नावाने आत शिरून 'लोकांचे कागद' उघडून पाहिले. परवानगी नाही, असे उत्तर आले. आपा पहिल्यांदा हसली.

जुना पेनड्राइव्ह महिनाभर फेकायचा नाही, असे ठरले. दुल्हाभाई यूपीएसच्या बॅटरीचा भाव विचारायला गडचांदूरला गेले. अकराच्या सुमारास एक आजी आल्या, पदरात घडी घातलेला कागद. घडीवर तो फाटत आला होता. अब्बांनी चष्मा पुसला, कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि आधी साल वाचले.