विश्लेषण : गाडी मित्राच्या हाती, भुर्दंड मालकाच्या माथी? उसन्या गाडीच्या अपघातात विमा कोणाला तारतो?

गणपतीला गावी जायचे आहे, घरच्या लग्नात पाहुण्यांची ने-आण करायची आहे, आईला तपासणीसाठी दुसऱ्या शहरात न्यायचे आहे. ‘दोन दिवस गाडी देतोस का?’ हा प्रश्न बहुतेक गाडीमालकांना कधी ना कधी ऐकावा लागतो. मैत्रीत नाही म्हणवत नाही. किल्ली देताना बोलणे होते ते पेट्रोलचे आणि फास्टॅगमधील शिलकीचे. विम्याचा विषय निघतो तो बंपर चेपून गाडी परत आल्यावर किंवा थेट पोलीस ठाण्यातून फोन आल्यावर. अशा वेळी विमा कंपनी नेमके काय देते, मालकाची जबाबदारी कुठवर आणि सर्वांत उघड्यावर कोण पडतो?

विमा गाडीचा की चालकाचा?

भारतात मोटार विमा गाडीबरोबर चालतो. पॉलिसीत ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ नावाचे कलम असते. त्यानुसार मालकाच्या परवानगीने गाडी चालवणारी कोणतीही व्यक्ती चालते. अट एवढीच, की अपघाताच्या वेळी तिच्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचे वैध लायसन्स हवे आणि ती वाहन चालवण्यास अपात्र ठरवलेली नसावी. त्यामुळे ‘गाडी मित्र चालवत होता’ एवढ्याच कारणावरून क्लेम नाकारला जात नाही.

मात्र पॉलिसी कोणती, हे आधी पाहावे लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा असतो तो फक्त थर्ड पार्टी विमा. त्यातून समोरच्याच्या इजेची, मृत्यूची किंवा मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई होते. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी एक रुपयाही मिळत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ भाग असलेली पॅकेज पॉलिसी लागते. अनेक जुन्या गाड्यांवर केवळ थर्ड पार्टी विमा उरलेला असतो आणि मालकालाही ते नीट आठवत नसते. अशी गाडी मित्राकडून ठोकली गेली, तर दुरुस्तीचा सगळा हिशेब दोघांनाच मिटवावा लागतो.

क्लेम कशामुळे अडतो?

पहिले कारण लायसन्स. मुदत संपल्यावर पूर्वी मिळणारी ३० दिवसांची सवलत २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकली. त्यामुळे मुदत संपलेले लायसन्स खिशात असणे म्हणजे लायसन्स नसल्यासारखेच. दुचाकीच्या लायसन्सवर कार चालवली, तरी तोच प्रश्न उभा राहतो.

दुसरे कारण मद्यपान. चालक नशेत असल्याचे सिद्ध झाले, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम जातो. तिसरे कारण भाडे. खासगी गाडीची पॉलिसी भाड्याने वापरासाठी नसते. मित्राने पेट्रोल भरून गाडी परत केली तर अडचण नाही. पण ‘दिवसाला दोन हजार’ ठरवून गाडी दिली, तर कंपनी अटीच्या भंगाकडे बोट दाखवू शकते. मित्र त्या गाडीने भाड्याचे प्रवासी नेत असेल, तरीही तसेच.

छोट्या नुकसानीसाठी क्लेम करावा का?

येथे आकडेमोड उपयोगी पडते. समजा, १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या कारच्या दुरुस्तीचे बिल १४,००० रुपये झाले. त्यात प्लास्टिकचा बंपर ८,००० रुपयांचा आणि मजुरी ६,००० रुपये. प्लास्टिकच्या सुट्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणजे बंपरचे ४,००० रुपयेच मिळतात. मजुरी धरून रक्कम १०,००० होते. त्यातून सक्तीची वजावट १,००० रुपये गेली, की हाती येतात ९,००० रुपये. ‘झीरो डेप’चे कवच असेल, तर घसारा वाचतो, सक्तीची वजावट मात्र द्यावीच लागते.

आता दुसरी बाजू. क्लेम न केल्यास नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. एक क्लेम केला, की तो शून्यावर येतो. ओन डॅमेजचा प्रीमियम १२,००० रुपये आणि बोनस ५० टक्के असेल, तर पुढच्या नूतनीकरणात ६,००० रुपयांची सूट जाते. त्यापुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्केच बोनस मिळतो. प्रीमियम तेवढाच राहिला असे धरले, तर आणखी ३,६०० रुपये गेले. म्हणजे ९,००० रुपयांच्या क्लेमपायी दोन वर्षांतच ९,६०० रुपये जातात आणि बोनस पूर्ववत होण्यास त्यानंतरही काही वर्षे लागतात.

‘विमा आहे ना, मग काय झाले?’ असे मित्र सहज म्हणतो, त्यातली मेख हीच. बोनस मालकाचा असतो आणि तो मालकाच्याच खिशातून जातो. त्यामुळे छोटे नुकसान मित्राने थेट भरून देणे बहुतेक वेळा दोघांनाही सोयीचे ठरते. मोठे नुकसान असेल, तर क्लेम करावा; वजावट, घसारा आणि गेलेल्या बोनसची रक्कम कोणी सोसायची, हे मात्र मोकळेपणाने ठरवून घ्यावे.

दुसऱ्याला इजा झाली तर?

गाडी मित्राने चालवली, तरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालकाबरोबर नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी यांनाही प्रतिवादी केले जाते. विमा चालू असेल आणि अटी पाळल्या असतील, तर भरपाई कंपनी देते. चालकाकडे वैध लायसन्स नसल्यास चित्र पालटते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ मधील स्वर्ण सिंग खटल्याच्या निकालाने दिशा घालून दिली : पीडितांना आधी कंपनीने पैसे द्यावेत आणि मालकाने पुरेशी काळजी घेतली नसल्याचे सिद्ध झाल्यास ती रक्कम मालकाकडून वसूल करावी. यातून वाहनमालकाने घ्यायचा धडा साधा आहे. किल्ली देण्यापूर्वी लायसन्स पाहिले होते का, या एका प्रश्नावर लाखो रुपये ठरू शकतात.

फौजदारी बाजूही आहे. लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू दिल्यास कलम १८० खाली मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चालक अल्पवयीन असेल, तर कलम १९९अ लागते : पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड आणि वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. ‘सोसायटीतल्या मुलाने एक चक्कर मारली’ हे कौतुक या कलमापुढे टिकत नाही.

गाडी चालवणाऱ्या मित्राचे काय?

सर्वांत दुर्लक्षित प्रश्न हाच. पॉलिसीतील १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात कवच ‘ओनर-ड्रायव्हर’साठी, म्हणजे वैध लायसन्स असलेल्या नोंदणीकृत मालकासाठी असते. गाडी उसनी घेणारा त्यात बसत नाही. तो थर्ड पार्टीही ठरत नाही. निंगम्मा खटल्यात २००९ मध्ये आणि रामखिलाडी खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वाहन उसने घेऊन चालवणारा मालकाच्या जागी येतो. त्यामुळे त्याच वाहनाच्या विमा कंपनीकडे तो तिऱ्हाईत म्हणून भरपाई मागू शकत नाही.

चूक दुसऱ्या वाहनाची असेल, तर त्या वाहनाच्या विमा कंपनीवर दावा करता येतो. पण गाडी घसरून झाडावर आदळली, तर मित्राच्या कुटुंबाच्या हाती गाडीच्या पॉलिसीतून फारसे काही लागत नाही. म्हणजे गाडीच्या पत्र्याला विमा आणि स्टिअरिंगमागच्या माणसाला नाही, अशी स्थिती असते. वरचेवर दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्याने स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा आणि आरोग्य विमा काढणे, हाच त्यावरचा व्यवहार्य उपाय.

‘गाडी मीच चालवत होतो’ असे सांगितले तर?

असा सल्ला अनेकदा गॅरेजच्या दारातच मिळतो. तो मानू नये. क्लेम फॉर्मवर चालकाचे नाव आणि लायसन्सचा तपशील द्यावा लागतो. टोलनाक्यावरचा सीसीटीव्ही, रुग्णालयाचे कागद, पंचनामा आणि मोबाइलचे लोकेशन यांतून खोटे उघड होते आणि एरवी मंजूर झाला असता तो क्लेमही फसवणूक म्हणून फेटाळला जातो. मुळात वैध लायसन्स असलेल्या मित्राने गाडी चालवणे पॉलिसीला मान्यच आहे, मग खोटे कशासाठी? कोणी जखमी झाले असेल, तर चालकाची खरी माहिती पोलिसांना देणे हे कलम १३३ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेणे म्हणजे मैत्री नव्हे.

अपघात झालाच तर?

जखमींना उपचार मिळवून देणे हे चालकाचे पहिले काम. पोलिसांना शक्य तितक्या लवकर आणि फार तर २४ तासांत कळवावे, असे कलम १३४ सांगते. मित्राने मालकाला आणि मालकाने विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. गाडी हलवण्याआधी फोटो काढावेत आणि सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी दुरुस्ती सुरू करू नये. क्लेम अन्यायाने नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे आणि ‘विमा भरोसा’ पोर्टलवर जाता येते. तेथे दाद न मिळाल्यास विमा लोकपालाचा मार्ग आहे. लोकपालाची कार्यालये मुंबई आणि पुण्यातही आहेत आणि तक्रारीसाठी शुल्क नाही.

किल्ली देण्यापूर्वी

गाडी देऊच नये, असा याचा अर्थ नाही. अडीअडचणीला गाडी देणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि विम्याच्या अटींना तिचे वावडे नाही. गरज आहे ती पाच मिनिटांच्या स्पष्ट बोलण्याची. लायसन्सची मुदत पाहावी, पॉलिसी आणि पीयूसीची प्रत मोबाइलवर पाठवावी, गाडी दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार नाही हे विचारावे. ई-चलान मालकाच्या नावावर येते, त्यामुळे दंड कोण भरणार आणि नुकसान झाल्यास पॉलिसीबाहेरचा खर्च कोणाचा, हे तेव्हाच ठरवावे. लायसन्स मागितले म्हणून रागावणाऱ्या मित्राला एवढेच सांगावे, की या चौकशीत त्याचीही काळजी आहे. अपघातात सर्वांत कमी कवच त्यालाच असते.