महागडा गडी आणि घरचा संघ

मैत्रिणींनो, कबड्डीचा विषय निघाला की आमच्या ओव्यात पुरुषमंडळींचा एक वाद ठरलेला : प्रो कबड्डीतल्या पुणेरी पलटणने मोहम्मदरझा शादलूवर एवढा पैसा ओतला, तो वसूल झाला का? बाजारहाटाचा हिशेब आपण रोज ठेवतो, मग हाही मांडून पाहू या.

आधी जमेची बाजू. अस्लम इनामदारसारखी तरुण मुले पलटणने हाताशी धरून वाढवली होती. बचावाला एक भक्कम खांब हवा होता. २०२३ च्या लिलावात या इराणी गड्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले, आणि १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पलटण पहिल्यांदाच अजिंक्य ठरली.

आता खर्चाची बाजू. पुढच्या लिलावात शादलू २ कोटी ७ लाखांत हरियाणाकडे गेला. वर्षअखेरीस हरियाणा अजिंक्य, आणि पुणे बाद फेरीच्याही बाहेर! ‘हातचा हिरा घालवला’ म्हणणारे मात्र त्या मोसमातली अस्लमची दुखापत सोयीस्कर विसरतात.

खरा ताळेबंद लागला ३१ ऑक्टोबर २०२५ ला. शादलूशिवाय पलटण पुन्हा अंतिम सामन्यात! दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हार झाली खरी, पण घर मोडले नव्हते हे दिसले.

मला विचाराल, तर पैसा वसूल. लग्नाला आणलेला आचारी पंगत गाजवून जातो. रोजची चूल घरच्यांनीच सांभाळायची असते. महागडे काही घेताना एवढेच पाहावे, की उद्या ते नसले तर आपले अडणार तर नाही ना?